गॅस असलेल्या बिअरची ग्रॅव्हिटी अचूक कशी मोजायची

बाटली उघडली की बिअर फसफसून वर येते आणि प्रश्न पडतो: साखर शिल्लक राहिली होती का, यीस्ट अजून काम करतंय का, की आत भलतंच काही शिरलंय? याचं उत्तर ग्रॅव्हिटीत मिळतं. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या (१.०००) तुलनेत बिअर किती घन आहे तो आकडा; साखर जितकी जास्त शिल्लक, तितका तो चढा. पण गॅस असलेल्या बिअरमध्ये हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजणारी काचेची तरंगती नळी) तसाच सोडला, तर तो हमखास चढा आकडा दाखवतो. लोक तो आकडा खरा धरतात, फर्मेंटेशन (यीस्टने साखरेचं अल्कोहोल आणि गॅस करणं) अडकलंय असं समजून बाटल्या उबदार जागी नेऊन ठेवतात आणि आधीच वाढलेला दाब आणखी वाढवतात.

चूक होते ती बुडबुड्यांमुळे. घरगुती वापराचा छोटा हायड्रोमीटर साधारण २५ ग्रॅमचा असेल, तर तो सुमारे २५ मिली द्रव बाजूला सारून तरंगतो. त्याच्या पोटाला चिकटलेले बुडबुडे सगळे मिळून ०.१ मिली, म्हणजे पाण्याच्या दोनेक थेंबांएवढे भरले, तरी तो ४ पॉइंट वर उचलला जातो. (एक पॉइंट म्हणजे ०.००१.) शिवाय ही चूक दर वेळी सारखी नसते. बुडबुडे किती चिकटतील ते काचेच्या स्वच्छतेवर, बिअरच्या तापमानावर आणि तुम्ही किती वेळ थांबलात त्यावर अवलंबून असतं. म्हणून "आलेल्या आकड्यातून दोन-तीन पॉइंट वजा करायचे" हा सर्रास दिला जाणारा सल्ला निरुपयोगी आहे.

चार पॉइंटांनी एवढं काय बिघडतं? अल्कोहोलच्या हिशोबात फार नाही, अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. पण बंद बाटलीत ग्रॅव्हिटी एक पॉइंट उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस. चार पॉइंटांचे दोन व्हॉल्यूम होतात, आणि नेहमीच्या पेल एलमध्ये (फिक्या रंगाच्या एका बिअरमध्ये) सगळा गॅस मिळून अडीच व्हॉल्यूमच्या आसपास असतो. बाटल्या ठेवायच्या की रिकाम्या करायच्या हे या मोजणीवरून ठरवायचं असेल, तर एका पॉइंटापर्यंतची खात्री हवी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९च्या मद्यनिषेध कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी स्वतःपुरती बिअर बनवायला मुभा आहे, तिथे राहून हा छंद करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

तयारी: काय काय हाताशी हवं

- हायड्रोमीटर. शक्यतो ०.९९० ते १.०२० एवढ्याच पट्ट्याचा, बारीक खुणांचा घ्या. नेहमीच्या तिहेरी पट्टीच्या हायड्रोमीटरवर दोन खुणांमध्ये २ पॉइंटांचं अंतर असतं, त्यामुळे एक पॉइंट अंदाजानेच वाचावा लागतो.
- टेस्ट जार. हायड्रोमीटर काठांना न टेकता फिरेल एवढा रुंद हवा. हायड्रोमीटर ज्या नळीत घालून विकतात, ती बऱ्याचदा अरुंद असते.
- डिजिटल थर्मामीटर.
- एक लिटरची सोड्याची रिकामी प्लास्टिक बाटली, झाकणासकट, स्वच्छ धुतलेली.
- दोन मोठे पेले किंवा जग, कॉफीचा फिल्टर पेपर आणि गाळणी.
- डोळ्यांना गॉगल, हातात जाड हातमोजे. बाटल्या उतू जात असतील तर हे सगळ्यात आधी.

नमुन्यासाठी ३३० मिलीची एक बाटली पुरते. शक्य असेल तर दोन बाटल्या घ्या, एक आधी भरलेल्यांपैकी आणि एक शेवटच्यांपैकी. प्रायमिंगची साखर (बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून भरताना घालतात ती) नीट ढवळली गेली नसेल, तर ते या दोघींच्या आकड्यांतल्या फरकावरून कळतं.

टप्पा १: आधी हायड्रोमीटर तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. हायड्रोमीटरच्या आतली कागदी पट्टी गोंदावर चिकटवलेली असते. धक्क्याने किंवा गरम पाण्याने ती सरकते, आणि मग तो हायड्रोमीटर दर वेळी तेवढंच खोटं बोलतो.

पट्टीवर बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं, ६० अंश फॅरनहाइट (१५.६ सेल्सियस) किंवा २० अंश सेल्सियस. डिस्टिल्ड वॉटर त्या तापमानाला आणून त्यात हायड्रोमीटर सोडा. आकडा १.००० यायला हवा. १.००२ आला तर पुढच्या प्रत्येक वाचनातून २ पॉइंट वजा करायचे, ०.९९९ आला तर एक मिळवायचा. हा फरक हायड्रोमीटरच्या डबीवरच लिहून ठेवा.

आकडा पाण्याच्या कोणत्या रेषेवर वाचायचा, हेही इथेच ठरवून टाका. काचेच्या दांडीला पाणी जरासं वर चढतं. बिअरच्या बहुतेक हायड्रोमीटरवर त्या चढलेल्या कडेकडे दुर्लक्ष करून खालची सपाट पातळी वाचायची असते. काही मोजके वरच्या कडेवर वाचायला बनवलेले असतात. सोबतच्या कागदावर ते दिलेलं असतं. कागद हरवला असेल तर १.००० कोणत्या रेषेवर येतं ते पाहा आणि बिअरमध्येही तीच रेषा धरा.

हायड्रोमीटर कोमट पाणी आणि थोड्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याखाली खळखळून पुसून ठेवा. बोटांचं तेल लागलेल्या काचेवर बिअर नीट चढत नाही आणि बुडबुडे मात्र घट्ट चिकटतात. उचलताना दांडीच्या वरच्या टोकालाच धरा.

टप्पा २: बाटली थंड करून उघडा, साका मागे ठेवा

बाटली निदान एक रात्र फ्रिजमध्ये उभी ठेवा. थंड बिअर गॅस धरून ठेवते: ४ अंशाला, दाब नसतानाही, सुमारे दीड व्हॉल्यूम, तर २० अंशाला एक व्हॉल्यूमपेक्षाही कमी. गॅस काढायचा आहे म्हणून बाटली कोमट करून उघडणं म्हणजे अर्धी बिअर ओट्यावर, आणि नमुन्याऐवजी फेस हातात.

हळूच उघडा आणि जगाच्या कडेने सावकाश ओता. तळाचा शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. साका ढवळून आला की बिअर गढूळ होते, आणि त्यातल्या कणांवर बुडबुडे सतत तयार होत राहतात.

सावधान: बाटल्या उतू जात असतील, किंवा एखादी आधीच फुटली असेल, तर बाकीच्या बाटल्या हलवण्यापूर्वी गॉगल आणि हातमोजे घाला. फ्रिजकडे नेताना बाटली जाड टॉवेलात गुंडाळा.

टप्पा ३: गॅस काढा

सगळी मोजणी या टप्प्यावर टिकून आहे, आणि लोक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. चमच्याने दोन वेळा ढवळलं, फेस बसला, की गॅस गेला असं वाटतं. फेस बसणं आणि गॅस जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर शांत दिसणाऱ्या बिअरमध्येही हायड्रोमीटर सोडला की अर्ध्या मिनिटात काचेवर मोत्यांसारखे बुडबुडे जमतात.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा बिअर दोन जगांत उंचावरून आलटूनपालटून ओता, गरम दूध निववताना दोन पेल्यांत वरखाली करतो तसं. सुरुवातीला फेस प्रचंड येईल, म्हणून जग मोठे हवेत. फेस खाली बसू द्या, पुन्हा ओता. आठ-दहा वेळा ओतल्यावर गॅसचा मोठा भाग निघून जातो.

मग बिअर २० अंशांच्या आसपास येऊ द्या. जग कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला तर वेळ वाचतो. वर ताटली झाका.

आता प्लास्टिकची बाटली. ती एक तृतीयांश भरा, झाकण लावा, दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा, आणि झाकण हळूहळू सैल करा. फुस्स आवाज येईल. झाकण उघडल्यावर बाटली बाजूंनी दाबून आतली हवा बाहेर काढा आणि सोडा, म्हणजे ताजी हवा आत येईल. हे दाबणं बहुतेक जण करत नाहीत. ते केलं नाही तर बिअरच्या वरची जागा कार्बन डायऑक्साइडनेच भरलेली राहते, आणि कितीही हलवलं तरी बिअरमधला उरलेला गॅस बाहेर यायला जागा मिळत नाही. हलवा, उघडा, दाबा, सोडा, असं करत राहा.

तपासणी: जोरात हलवल्यावरही बाटली कडक होत नाही आणि झाकण उघडताना आवाज येत नाही, तेव्हा हा भाग झाला.

शेवटी कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून घ्या, वर ताटली झाकून. कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर उरलासुरला गॅस सुटतो आणि यीस्टही अडकतं. सुरुवातीलाच, फेसाळ बिअर गाळायला घेतली, तर पेपर तुंबतो आणि तुम्ही तासभर गाळत बसता. गाळणं म्हणूनच शेवटी.

तीन गोष्टी करू नका:

- काचेच्या बंद बाटलीत हलवू नका. प्लास्टिकच्या बाटलीचा दाब बोटांना कळतो, काचेचा कळत नाही.
- गॅस लवकर जावा म्हणून बिअर उकळू नका, मायक्रोवेव्हमध्येही घालू नका. गॅसबरोबर अल्कोहोलही उडतं. ते पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते गेलं की ग्रॅव्हिटी वाढते, म्हणजे एक चूक काढून दुसरी घातल्यासारखं.
- रात्रभर उघड्या पेल्यात ठेवून "फ्लॅट" करू नका. इथेही अल्कोहोल उडतं, फक्त सावकाश. ठेवायचीच असेल तर झाकून ठेवा आणि तरीही नंतर हलवून घ्या, कारण नुसती स्थिर ठेवलेली बिअर गॅस पूर्ण सोडत नाही.

टप्पा ४: तापमान

जारमध्ये बिअर ओता, हलकेच ढवळा आणि मग तापमान मोजा. न ढवळता मोजलं तर तळाला एक आणि वर एक असे दोन आकडे मिळू शकतात.

हायड्रोमीटरवर छापलेल्या तापमानाला बिअर आणता आली तर उत्तम, दुरुस्तीची गरजच उरत नाही. नाही जमलं तर वाचनात हे मिळवा किंवा वजा करा:

- २० अंशांचा हायड्रोमीटर: बिअर १० अंशांना असेल तर १.५ पॉइंट वजा, २५ ला १ पॉइंट मिळवा, ३० ला २.५ मिळवा.
- १५.६ अंशांचा हायड्रोमीटर: १० ला जेमतेम १ पॉइंट वजा, २० ला १ मिळवा, २५ ला २, ३० ला सुमारे ३.५.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे: गरम द्रव पातळ होतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो, आकडा कमी दिसतो, म्हणून मिळवायचं. बिअर गरम असताना वजाबाकी केलेली बरीच वाचनं पाहिली आहेत.

फ्रिजच्या तापमानाला मोजून दुरुस्ती करायचा मोह टाळा. दुरुस्ती दोन पॉइंटांच्या आतच असते, पण थंड बिअरमध्ये गॅस शिल्लक असतो आणि त्याची चूक कुठल्याच तक्त्यात नसते.

टप्पा ५: वाचन

जार सपाट जागी ठेवा आणि काठोकाठ भरा, खाली ताटली ठेवून. पृष्ठभागावर फेस असेल तर आणखी थोडी बिअर ओता, म्हणजे तो कडेवरून वाहून जाईल. तरीही उरलेला फेस टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घ्या. फेसातून वाचलेला आकडा हा अंदाज असतो.

हायड्रोमीटर सोडताना वरून टाकू नका. जिथे तरंगेल त्याच्या जरा वरपर्यंत हाताने उतरवा आणि सोडताना बोटांत गरकन फिरवा. फिरताना चिकटलेले बुडबुडे सुटतात. फिरणं थांबलं की हायड्रोमीटर मधोमध आहे ना, काचेला टेकलेला नाही ना, ते पाहा. डोळे द्रवाच्या पातळीवर आणा, वाका किंवा खुर्चीवर बसा. वरून तिरकं बघितलं तर एक-दोन पॉइंट इकडेतिकडे सहज जातात.

आकडा लिहा. मग हायड्रोमीटर तसाच ठेवून दोन मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा वर सरकला असेल, तर बुडबुडे जमतायत, म्हणजे गॅस शिल्लक आहे. टप्पा ३ कडे परत.

टप्पा ६: पुन्हा गॅस काढा, पुन्हा मोजा

आकडा स्थिर राहिला तरी एकाच वाचनावर थांबू नका. तीच बिअर पुन्हा प्लास्टिकच्या बाटलीत घाला, पाच-सहा वेळा हलवा-दाबा, जारमध्ये ओता, तापमान पाहा, वाचा. तापमानाची दुरुस्ती केल्यावर दोन्ही वाचनं सारखी आली तर तो आकडा पक्का. दुसरा आकडा खाली आला तर पहिल्या वेळी गॅस पूर्ण गेला नव्हता. आकडा उतरणं थांबेपर्यंत हे करत राहा. दहा मिनिटांचं हे काम कंटाळवाणं आहे, पण गॅस खरंच गेला की नाही याचा दुसरा कोणता भरवशाचा पुरावा घरच्या ओट्यावर मिळत नाही.

मोजून झालेली बिअर प्या किंवा ओतून द्या. एवढ्या भांड्यांतून फिरलेली बिअर परत बाटलीत किंवा केगमध्ये (बिअरच्या दाबाच्या पिंपात) घालायची नाही.

टप्पा ७: आकड्याचा अर्थ लावा

समजा पेल एलची मूळ, म्हणजे फर्मेंटेशनच्या आधीची, ग्रॅव्हिटी १.०५२ होती, बाटलीत भरताना ती १.०१२ होती आणि प्रायमिंगला लिटरमागे ६ ग्रॅम साखर घातली होती. यातून आधीच विरघळलेला गॅस धरून सुमारे २.४ व्हॉल्यूम व्हायला हवेत. सरळ ओतून मोजल्यावर हायड्रोमीटर १.०१५ दाखवतो. गॅस काढून, २५ अंशांना, २० अंशांच्या हायड्रोमीटरवर १.०११ येतो, दुरुस्ती करून १.०१२. चार आकडे शक्य आहेत, चारही वेगळं सांगतात:

१.०१२ किंवा अर्धा पॉइंट खाली. सगळं ठीक. प्रायमिंगच्या साखरेचं अल्कोहोल झालं की ग्रॅव्हिटी बाटलीत भरतानाच्या आकड्यापेक्षा किंचित खाली येते. तरीही बिअर उतू जात असेल तर कारण दुसरीकडे शोधा: बाटली पुरेशी थंड नव्हती, हॉप्सचे (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचे) कण आत गेले होते, साका ढवळला होता किंवा साखर जास्त पडली होती.

१.०१४. लिटरमागे ६ ग्रॅम साखर ग्रॅव्हिटी सुमारे २ पॉइंट वाढवते, म्हणजे ती बहुधा तशीच पडून आहे. अशी बिअर सपक लागते, उतू जात नाही. बाटल्या २० अंशांच्या जागी दोन आठवडे ठेवा आणि पुन्हा मोजा. फसफसणारी बिअर आणि चढा आकडा एकत्र आले, तर मोजणीवर संशय घ्या आणि टप्पा ३ पुन्हा करा.

१.०१०. दोन पॉइंट म्हणजे जास्तीचा एक व्हॉल्यूम, एकूण ३.४ च्या आसपास. साध्या बिअरच्या बाटल्या ३ व्हॉल्यूमच्या वर न्यायच्या नसतात. सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये हलवा आणि लवकर संपवा. भरताना फर्मेंटेशन पुरं झालं नव्हतं, हे सगळ्यात नेहमीचं कारण.

१.००८ किंवा त्याखाली. जास्तीचे दोन व्हॉल्यूम, आणि आकडा अजून उतरत असण्याची शक्यता. जंगली यीस्ट, किंवा नेहमीच्या यीस्टला न पचणारी साखर तोडणारं डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट आत शिरलं की असं होतं. एकाच बाटलीत दिसलं तर ती बाटली नीट धुतली गेली नसेल. दोन्ही नमुन्यांत दिसलं तर सगळा घाणा गेला. बाटल्या फ्रिजच्या तापमानाला आणा, गॉगल आणि हातमोजे घालून झाकणं हळूच सैल करून दाब सोडा, आणि बिअर ओतून द्या. थंड न करता दाब सोडायला जाऊ नका.

अल्कोहोलचा हिशोबही याच आकड्यावर करा: मूळ ग्रॅव्हिटीतून शेवटची वजा करून १३१.२५ ने गुणायचं. १.०५२ आणि १.०१२ वरून ५.२५ टक्के येतात, गॅससकट मोजलेल्या १.०१५ वरून ४.९. प्रायमिंगच्या साखरेचे ०.३ ते ०.४ टक्के यात धरलेले नसतात, ते वेगळे मिळवा.

केग आणि दाबाखालचं फर्मेंटेशन

पद्धत तीच, फक्त नमुना घेताना थोडं वेगळं. केगच्या नळातून येणारा पहिला पेला साका आणि फेसाचा असतो, तो बाजूला ठेवा आणि दुसऱ्या पेल्यातून नमुना घ्या. झडप लावून दाबाखाली फर्मेंट करणाऱ्यांना पहिल्या आठवड्यातही गॅस असलेलाच नमुना मिळतो. फर्मेंटेशन थांबलं की नाही हे दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन सारख्या वाचनांवरून ठरवताना दोन्ही वेळा गॅस पूर्ण काढलेला हवा. एकदा काढला आणि एकदा नाही, तर चालू असलेलं फर्मेंटेशनही थांबल्यासारखं दिसतं. फर्मेंटरमध्ये तरंगणारी ब्लूटूथ उपकरणं कल दाखवायला चांगली, पण त्यांनाही बुडबुडे आणि यीस्टचा थर चिकटतो; शेवटचा आकडा त्यांच्याकडून घेऊ नका.

रिफ्रॅक्टोमीटर चालेल का?

रिफ्रॅक्टोमीटर द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजतो. दोन थेंबांत काम होतं म्हणून लोक त्याकडे वळतात. गॅस त्याला हायड्रोमीटरइतका फसवत नाही, काचेखाली बुडबुडा अडकला तर रेषा पुसट होते एवढंच. अडचण अल्कोहोलची आहे: अल्कोहोल असलेल्या बिअरमध्ये तो सरळ वाचता येत नाही, मूळ ब्रिक्स (फर्मेंटेशनआधीचं साखरेचं प्रमाण) माहीत असेल तर सूत्राने दुरुस्ती करावी लागते, आणि दुरुस्तीनंतरही एक-दोन पॉइंटांची शंका राहतेच. फर्मेंटेशन कुठवर आलं हे बघायला तो पुरेसा आहे. बाटल्या सुरक्षित आहेत का हे ठरवायला नाही. वापरायचाच असेल तर नमुना सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये अर्धा भरा, टोक बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढा, निघालेला गॅस बाहेर सोडा, असं चार-पाच वेळा करा आणि मगच थेंब काचेवर ठेवा.

नोंदवहीत नुसता आकडा लिहू नका. तारीख, बाटलीचा क्रमांक, कच्चं वाचन, तापमान, हायड्रोमीटरचा स्वतःचा फरक आणि दुरुस्त केलेला आकडा असे वेगवेगळे रकाने ठेवा, म्हणजे महिनाभराने तिसरी बाटली मोजाल तेव्हा तुलना सारख्याची सारख्याशी होईल.